तळाशी बसलेलं

चारुताच्या बाबांचं, विश्रामचं, ताडीचं गाडगं दहाव्याला समुद्रात सोडायचं होतं. सुतकातली मातीची भांडी घरात ठेवायची नाहीत, हा एडवणचा रिवाज. बाबांच्या जोडीने ताडी काढणारे दामूकाका ते न्यायला आले, त्याआधीच चारुताने बुडाचा गाळ सुरीने खरवडून पुडीत बांधून ठेवला होता. तोच गाळ बाबा रोज बोटभर शिल्लक ठेवत आणि नव्या रसाला विरजण म्हणून लावत. तीस वर्षं.

बोईसरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती यीस्टवरच काम करायची. पुडीतला गाळ बाटलीत घालून तिने त्याला ग्लुकोजचं पाणी दिलं, दोन दिवसांत फेस आला. पण पाणी गढूळच राहिलं. बाबांची ताडी दुपारपर्यंत निवळायची, खाली घट्ट थर बसायचा. मग हे यीस्ट त्यांचंच, की वाऱ्यावरून आलेलं भलतंच? कळायला एकच मार्ग होता, उपाशी ठेवण्याचा. साखर मिळते तोवर यीस्ट काही जनुकं मिटून ठेवतं. साखर संपली की ती उघडतात, पेशींचं अंग चिकट होतं, आणि त्या एकमेकींना धरून तळाशी बसतात; वाऱ्यावरचं भलतं यीस्ट बहुतेक तसं बसत नाही.

हे चारुताला पाठ होतं. तरी बाटली घरी आणून बारा दिवस ती रोज ग्लुकोज घालत राहिली.

“अजून पाजतेस त्येला?” तिची आई, रखमा, म्हणाली.

“नाहीतर मरेल ना.”

“बापूस मरंल म्हनूनच पाजलंस ना?”

अर्धांगाचा झटका आल्यावर बाबांना गिळता येत नव्हतं. तोंडाने काही देऊ नका, असं पालघरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी ओठ घट्ट मिटले होते. तिने चमच्याने ते उघडले. दोनच चमचे ग्लुकोज. ते छातीत गेलं, आणि पाचव्या दिवशी सगळं आटोपलं.

रखमा म्हणाली, “चमचा मीच धुऊन दिला व्हता, बाय.”

त्या दिवशी चारुताने बाटलीत काही घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दामूकाका आले. त्यांनी बाटली उजेडात धरली. वर पाणी नितळ, तळाशी करडा थर.

“इश्रामचाच गाळ हाय ह्यो!” ते हसले. “मेला तरी दुपारच्या आत बसला. आमची सांजेपातूर गढूळच.”

हसता हसता त्यांनी गमछा डोळ्यांना लावला.

“आता दे त्येला कायतरी,” रखमा म्हणाली. “लई भुकेलंय. आता नाय दिलंस तर खरंच जाईल.”

तिचं म्हणणं खरं होतं. तिने ग्लुकोजचा डबा उघडला आणि चमचा पुढे केला. तोच चमचा, दांड्याशी जरासा वाकलेला.

चारुताने हात पुढे केला नाही.