नलूआजीनं परत पाठवलेला खोका

उन्नतीला दीड महिना पाठीवर झोपवून ठेवायचं म्हणजे काय, हे उन्नतीला ओळखणाऱ्यालाच कळेल. आठ वर्षांची ही पोर तारापूरच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांवरून उड्या मारत मोठी झालेली. त्यातलीच एक उडी चुकली आणि मांडीचं हाड मोडलं. पालघरच्या डॉक्टरांनी कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि रिद्धीला, म्हणजे तिच्या आईला, बाजूला घेऊन बजावलं, "हिला हलू देऊ नका. हाड सरकलं तर ऑपरेशन करावं लागेल, आणि मग पाय आखूड राहणार नाही याची हमी मी देणार नाही."

डॉक्टरांना बोलायला काय जातं? तिसऱ्याच दिवशी पोरगी कोपरांवर जोर देऊन खाटेवरून अर्धी खाली आली होती. पुन्हा एक्स-रे काढला. हाड जरासं हललं होतं, ऑपरेशन थोडक्यात टळलं. डॉक्टर नुसते रिद्धीकडे बघत राहिले आणि रिद्धीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरात मोठी माणसं तीन. उन्नतीचा बाप दिपेश बोटीवर, एकदा गेला की चार-चार दिवस समुद्रात. रिद्धी बोईसरला औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. घरचा एकुलता एक मोठा फोन तिच्याबरोबर जायचा. मागे राहायची सासू, नलूबाई. तिचं आयुष्य बोंबील वाळवण्यात आणि बोईसरच्या बाजारात ते विकण्यात गेलेलं. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगता टांगता ती दर थोड्या वेळानं आत येऊन नातीला दम द्यायची. उन्नतीच्या पोटावर सूप ठेवून तिच्याकडून जवळा निवडूनही घ्यायची. पण जवळा निवडून निवडून पोर किती निवडणार?

म्हणून रिद्धीनं ऑनलाइन तो गेम मागवला. हातात धरून खेळायचा, छोटा पडदा, खाली रंगीत बटणं, आत टोपी घातलेला एक छोटा गडी. त्याला पळवायचं, उड्या मारायला लावायच्या, नाणी गोळा करायची. गेम आला त्या दिवशी उन्नती हरखून गेली. पण जरा वेळानं तिनं हाक मारली, "मम्मी, ह्यो फक्त मागं जातो."

खरंच, उजवीकडचं बटण मेलेलं होतं. गडी मागे जाऊन भिंतीला डोकं लावून उभा राहायचा.

मग सुरू झालं कस्टमर केअर. आधी मशीनमधली एक बाई गोड आवाजात सांगायची की तुमचा कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे, आणि मग तो महत्त्वाचा कॉल बासरी ऐकत ताटकळायचा. रिद्धी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून कानाला फोन लावून बसायची. एक म्हणे बटण दाबून धरा, दुसरा म्हणे रात्रभर चार्ज करा, तिसरा म्हणे व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं की फाइल मोठी आहे. छोटा करून पाठवला तर म्हणे बटण नीट दिसत नाही. रिद्धी बारावी शिकलेली. कारखान्यात तिच्या हिंदीचं सगळे कौतुक करत. पण त्या फोनपुढे तिच्या नाकी नऊ आले. शेवटी एकदाचा बदली गेम मंजूर झाला. कुरिअरवाला मेहुल दुसरा खोका देऊन पहिला घेऊन गेला.

दुसऱ्या गेममधला गडी मागेही जायचा आणि पुढेही जायचा. फक्त तो उड्या मारायचा थांबतच नसे. बटणाला हात लावा, न लावा, त्याचं आपलं टणाटण चालूच. उन्नतीनं थोडा वेळ बघितलं आणि गेम छातीवर उपडा ठेवून ती रडायला लागली.

"मला हलायचं नाय," ती म्हणाली, "आणि ह्यो थांबतच नाय."

नलूबाईनं गेम उचलला, उलटसुलट केला. मागच्या बाजूला अर्धवट खरवडलेला चांदणीचा स्टिकर होता आणि त्याच्याखाली पेनानं गिरवलेली वेडीवाकडी अक्षरं.

"ह्ये काय लिवलंय?"

रिद्धीनं वाचलं. "विहान."

"ह्यो विहान कोन?"

"कोनी पोरगा असंल. त्याचा बिघडला, त्यानं परत केला, तोच आपल्याला धाडला. नवा म्हनून!" रिद्धीचा संताप संताप होत होता.

नलूबाईनं त्या अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "मंग आपला पयला कुनाला धाडला आसंल?"

रिद्धीला तेव्हा त्या प्रश्नाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला आपल्या पोरीचं पडलं होतं. तिनं पुन्हा फोन लावला, बासरी ऐकली, आणि तिला सांगण्यात आलं की बदली एकदाच मिळते. आता वस्तू भिवंडीच्या गोदामात तपासली जाईल, तपासणीनंतर कंपनी निर्णय घेईल. कधी? ते सांगता येणार नाही.

मेहुल खोका न्यायला आला तेव्हा रिद्धी कामावर होती. संध्याकाळी आल्याबरोबर तिनं विचारलं, "आई, दिला ना खोका?"

"दिला. पन रिकामा नाय दिला," नलूबाई कोळंबी सोलता सोलता म्हणाली. "गेमच्या संगती थोडे बोंबील घातले. पिशवीत बांदून."

रिद्धीनं कपाळावर हात मारला. शेजारच्या घरून कालवण आलेलं पातेलं आपल्याकडे कुणी रिकामं परत करत नाही, हे तिला माहीत होतं. तीही दातिवऱ्याची, मासेवाल्यांच्याच घरातली. पण म्हणून कंपनीला बोंबील?

"आई, ते काय शेजाऱ्याचं पातेलं हाय का? त्यांना निमित्तच पायजे! आता म्हनतील, तुमी गेम खराब केला. कशाला मधी पडलात तुमी?"

सासूला ती इतकं टाकून कधी बोलली नव्हती. एरवी तोंडाला लागलेल्याला बाजारभर नाचवणारी नलूबाई. पण त्या दिवशी तिनं शब्दाला शब्द दिला नाही. पुढची कोळंबी उचलली.

झालं तसंच. आठवड्यानं इंग्रजीत मेल आला. खोक्यात बाहेरचा पदार्थ सापडल्यामुळे तुमची तक्रार बंद करण्यात येत आहे. रिद्धीनं तो मेल दोनदा वाचला. त्याच रात्री उन्नतीनं पुन्हा कोपरं टेकून उठायचा प्रयत्न केला. नलूबाईनं तिला वेळेवर धरलं, पण रिद्धी मोरीत जाऊन रडली. आता हिला धरून ठेवायला आपल्याकडे काहीच उरलं नाही, असं तिला वाटलं. आणि मनातून तिनं त्याचं सगळं खापर सासूवर फोडलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. नलूबाई हात पुसत आली आणि म्हणाली, "लाव फोन. मी बोलते."

"तुमी? त्यांना तुमची भाषा कलनार नाय."

"मला तरी कुठं त्यांची कलते? लाव तू."

रिद्धीनं फोन लावला, स्पीकरवर टाकला. बासरी झाली. एक मुलगा हिंदीत बोलायला लागला. नलूबाईनं त्याला सगळं ऐकू येईल अशा बाजारी आवाजात सुरुवात केली, "आयक बाला, आमी तारापूरशी बोलतो. आमी तुमच्या खोक्यात बोंबील घातलेले, ते पोचले का?" त्याला काही कळेना. त्यानं दुसऱ्याला दिला. नलूबाईनं पुन्हा पहिल्यापासून, तेवढ्याच आनंदानं सांगितलं. दुसऱ्यानं तिसरीला दिला. प्रत्येक नव्या माणसाची ती आधी चौकशी करत होती, जेवलास का, घरी कोण असतं. रिद्धी इतके दिवस यांच्याशी भांडत होती, पण यांना जेवलास का असं विचारावं हे तिला सुचलं नव्हतं. तिसरी मुलगी थबकली आणि म्हणाली, "मछली? अरे, वो मछलीवाला पार्सल आपका था?"

तिच्या मागे कोणीतरी हसलं. मग तिनं न विचारताच फोन थेट भिवंडीच्या गोदामात जोडून दिला. तिथं भाग्यश्री नावाची मुलगी होती, नगरकडची.

"आजी, तुम्हीच का त्या?" ती जवळजवळ ओरडलीच. "अहो, अख्खं गोदाम नाकाला रुमाल लावून फिरत होतं!"

"तुला तरास झाला का गं बाय?"

"त्रास? आजी, तुमच्या पाया पडायला पाहिजे." भाग्यश्री आवाज खाली आणून सांगायला लागली. परत आलेला माल इथं कुणी उघडतच नसे. खोका धडका असला की नवा कागद चिकटवायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला रवाना करायचा. ती साहेबांना कधीची सांगत होती की हे बरं नाही, पण ऐकतो कोण! मग तो खोका आला. वास कुठून येतोय ते कळेना. साहेब स्वतः खाली आले आणि त्यांनी मांडणीवरचे सगळे खोके उघडायला लावले. एकेक बघतायत तर काय, कुठं दातांनी चावलेला, कुठं पडदा फुटलेला, कुठं पोरांची नावं लिहिलेली, आणि वर खोक्यावर लिहिलेलं 'नवा'. साहेबांचं तोंड उतरलं. आता उघडून, चालवून बघितल्याशिवाय एकही गेम पुढे जात नाही, आणि ते काम भाग्यश्रीकडेच दिलंय.

"माझं नाही ऐकलं, पण तुमच्या बोंबलांचं ऐकलं बघा," ती हसत म्हणाली.

नलूबाई हसली नाही. तिनं विचारलं, "आमचा तो उड्या मारनारा कुठं गेला?"

"भंगारात, आजी. आता तो कुणाकडेच जाणार नाही."

"आनी पयला? मागं मागं जानारा?"

"थांबा हं." कागद चाळल्याचा आवाज आला. "तोही मांडणीवरच होता. गेला नव्हता अजून कुणाकडे."

"बरं झालं गं बाय," नलूबाई म्हणाली, आणि तिनं फोन रिद्धीच्या हातात ठेवला. तिचं काम झालं होतं. नव्या गेमबद्दल तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. ते भाग्यश्रीनंच काढलं. बंद झालेली तक्रार मी साहेबांच्या सहीनं उघडून घेते, आणि एक गेम मी स्वतः खेळून बघून पाठवते, असं ती म्हणाली.

फोन बंद झाला. रिद्धी सासूकडे बघत राहिली. आता तिच्या डोक्यात एक गोष्ट हळूहळू वर येत होती. कडक वाळलेल्या बोंबलाचा कधी एवढा वास सुटतो? आणि नलूबाईचे बोंबील तर काडीसारखे वाजायचे. तिच्या हातून कच्चा माल पिशवीत गेलाय असं बाजारात कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, कसले बोंबील घातलेले तुमी?"

"आरदे वाललेले," नलूबाई म्हणाली.

"मुद्दाम?"

"मंग? चांगले कोन फुकट देतं?" आता मात्र ती हसली. मग खाटेवरच्या नातीकडे बघत म्हणाली, "ते खोके उगडत नाय, ह्ये त्या विहानच्या नावावरूनच कललं. बाजारात मासली नासली तर आमी ती वालूत पुरतो. का, तर कोनी उचलून दुसऱ्याला इकू नये. ह्यो गेम पुरायला तुमी मला देनार होता का? मंग त्याला आसा वास लावला, का खोका उगडल्याबिगर पुडं जायलाच नको. आपल्याला दुसरा मिलाला आसता, नसता मिलाला. पन आपल्यासारखीच कुटं एकादी पोर खाटंवर पडलेली आसंल. तिच्या हातात ह्यो उड्या मारनारा जाऊ नाय द्यायचा, येवडंच माज्या मनात व्हतं."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाय? मी किती बोलले तुमाला!"

"तू पोरीसाठी बोलत व्हतीस. आयशीनं बोलायचंच."

कंपनीला रिद्धी इतके दिवस हरवायला बघत होती आणि हरत होती. या बाईनं हरवायचा विचारच केला नव्हता. ती कुठल्यातरी अनोळखी पोराची काळजी करत बसली होती, स्वतःची नात डोळ्यांसमोर रडत असताना. आपल्याला हे कधी जमलं असतं का? रिद्धीला सासूचा इतका अभिमान वाटला, की ती उठली आणि तिच्या हातातली टोपली काढून घेऊन स्वतः वलांडीकडे गेली. नलूबाई मागून ओरडत होती, "आगं, शेपट्या वर नको करू, त्वांडं आडकव त्वांडात!"

तिसरा गेम आला. गडी पुढे जायचा, मागे जायचा, सांगितलं की उडी मारायचा आणि सांगितलं की थांबायचा. उन्नतीही थांबली. उरलेले दिवस ती खाटेवर पडून त्या गड्याला डोंगर चढवत होती, नद्या ओलांडायला लावत होती. मधूनमधून आजीला खेळायला द्यायची. आजी गड्याला पहिल्याच खड्ड्यात पाडायची आणि वर त्यालाच शिव्या द्यायची.

प्लास्टर काढायला तिघी पालघरला गेल्या. एक्स-रे बघून डॉक्टरांनी मान डोलावली. हाड सरळ जुळलं होतं. रिद्धीचे डोळे भरून आले. उन्नती आजीचा हात धरून बारीक झालेल्या पायावर उभी राहिली, आणि तेवढ्यात तिचं लक्ष बाजूच्या खाटेवर गेलं. जव्हारकडची एक मुलगी होती, ठकी नावाची. कमरेपासून घोट्यापर्यंत कोरं पांढरं प्लास्टर, आणि ती छताकडे बघत पडलेली.

उन्नतीनं रिद्धीच्या पिशवीत हात घालून गेम काढला. रिद्धीला वाटलं, आता ही देऊन टाकणार. पण उन्नतीनं तो लगेच दिला नाही. ती लंगडत खाटेच्या कडेला टेकली, गेम चालू केला आणि एकेक बटण दाबून बघायला लागली. पुढे. मागे. उडी. थांब. सगळं दोनदा करून बघितलं, मागची बाजूही उलटून पाहिली. मगच तिनं तो ठकीच्या हातात ठेवला.

"घे," ती म्हणाली. "सगली बटनं चालतात."

नलूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि चार्जर कुठं ठेवलाय म्हणून रिद्धीची पिशवी उपसायला घेतली.