एजंटची मान

माणूस खरा की खोटा, हे बाबा त्याच्या मानेवरून ओळखत. चेहऱ्यावरून नाही आणि बोलण्यावरून तर मुळीच नाही. कुणाची उसण भरलेली असो, पाय मुरगळलेला असो की खांदा आखडलेला, दारात आलेल्या माणसाला ते आधी सतरंजीवर पालथं झोपवत, मानेच्या मागे दोन्ही अंगठे टेकवत आणि डोळे मिटून घेत. ज्याच्या पोटात पाप आहे त्याची मान कडक लागते, असं त्यांचं ठाम मत होतं. चाळीस वर्षं आसपासच्या चार गावांच्या पाठी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, तेव्हा हे मत खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. त्यांच्या थोरल्या मुलाची तर नव्हतीच.

त्यामुळे परदेशात मालिश करणाऱ्याची जागा आहे असं सांगत एजंट घरी आला, तेव्हा बाबांनी त्याच्याकडे कागदपत्रं मागितली नाहीत, पालथं पडायला सांगितलं. एजंट हसत हसत शर्ट काढून आडवा झाला आणि दहाव्या मिनिटाला घोरायला लागला. मान लोण्यासारखी मऊ. बाबांनी हात पुसले आणि थोरल्याला म्हणाले, "जा बिनघोर. माणूस स्वच्छ आहे." दुसऱ्या कुणी करार वाचून घेतला असता, चार ठिकाणी चौकशी केली असती. या घरानं मान चाचपली आणि मुलाला विमानात बसवलं.

त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

दुकान एका किल्ल्या बनवणाऱ्याच्या डोक्यावर होतं. अरुंद जिना चढून गेलं की प्लायवूडच्या चार खोल्या, प्रत्येक खोलीत एक उंच पलंग, टॉवेलांची चळत, तेलाची बाटली आणि भर दिवसाही पेटलेला पिवळा बल्ब. खालून किल्ली घासायच्या यंत्राचा कर्कश आवाज दिवसभर यायचा. मागच्या बोळकांडीत कपडे धुण्याचं मशीन होतं आणि त्याला क्षणाची उसंत नसायची, कारण टॉवेल कधी संपत नसत. गल्ल्यावर मालकीण बसायची. सगळे तिला नुसतं बाई म्हणत. बाईंनी कधी कुणावर आवाज चढवला नाही, हे इथे नमूद करायला हवं, कारण वाईट माणसं ओरडतात अशी आपली उगीचच समजूत असते.

पहिले दोन महिने थोरल्यानं खरोखर मालिश केलं. मग एका गिऱ्हाइकानं भलतंच मागितलं. थोरला तेलाच्या हातांनी तसाच बाहेर आला. बाईंनी त्याला चहा दिला, बसवलं, समजावलं. त्याच्या व्हिसाचे कागद दुकानाच्या नावावर आहेत, राहायची खोलीही दुकानाचीच आहे, जबरदस्ती कुणावरच नाही, दार उघडं आहे, असं सगळं अगदी शांतपणे सांगितलं. दार खरंच उघडं होतं. बाहेर एक रस्ता होता आणि त्यावरची एकही पाटी थोरल्याला वाचता येत नव्हती. आठ दिवस बाईंनी त्याला काम दिलं नाही, नुसतं स्टुलावर बसवून ठेवलं. नवव्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी आत गेला. त्याला कुणी बांधून नेलं नव्हतं, आणि हीच गोष्ट त्याला आतून खात होती. स्वतःची इतकी किळस त्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

खरी गर्दी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. इस्त्रीच्या शर्टातली माणसं जेवायचं सोडून घड्याळाकडे बघत जिना चढायची. थोरला डोळे मिटून घ्यायचा. पण हात बापाचेच होते, त्यांना कोण समजावणार? अंगठे आपोआप मानेकडे जायचे. दर बुधवारी साडेबाराला एक चष्मेवाला यायचा. त्याचा उजवा खांदा आखडलेला होता, हात डोक्याच्या वर जात नव्हता. एका बुधवारी थोरल्याला राहवलं नाही. त्यानं खांद्याखाली गुडघा टेकवला आणि बापानं शिकवलेला एकच हिसका दिला. चष्मेवाला असा किंचाळला की खाली किल्ल्यांचं यंत्रसुद्धा बंद पडलं. मग त्यानं हात वर करून बघितला. हात वर गेला. पण त्या माणसानं आभार मानायचे सोडून बाईंकडे तक्रार केली, की मी इथे दुखणं घेऊन आलो नव्हतो. बाईंनी थोरल्याला विचारलं, हा काय दवाखाना आहे का? खांदा सुटल्याचा आनंद मात्र त्याला दोन दिवस पुरला. दीड वर्षात तेवढाच काय तो.

या माना चाचपता चाचपता त्याला एक गोष्ट उमगली, आणि ती उमगली तेव्हा तो हादरला. अंगठी काढून खिशात ठेवणारी, नजर चुकवणारी, कपड्यांच्या नीट घड्या घालणारी जी माणसं होती, त्यांच्या माना विटेसारख्या. आणि पलंगावर पडल्या पडल्या घरी फोन लावून "मीटिंग लांबलीय गं" असं हसत सांगणाऱ्यांच्या माना मऊसूत. म्हणजे मान पापानं कडक होत नाही, पाप टोचतं म्हणून कडक होते. ज्याला काही टोचतच नाही त्याला कसली गाठ? बाबांच्या ओसरीवर लाजणारी माणसं येत होती, म्हणून बाबांचं शास्त्र चाळीस वर्षं चाललं. थोरल्याला एजंटचं घोरणं आठवलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

घरी त्यानं यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. दुकानात पांढरा कोट घालावा लागे. त्या कोटातला फोटो त्यानं घरी पाठवला होता. बाबांनी तो फ्रेम करून सतरंजीच्या वरच्या भिंतीवर टांगला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, आपल्या घरचे हात तिकडे साहेबांच्या पाठीवर फिरतात. थोरल्यालाही ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. म्हणून एके सोमवारी बाबा फोनवर म्हणाले की एजंट परत आला होता, यावेळी धाकट्यासाठी, तेव्हा हे आपणच पेरलेलं उगवलंय हे त्याला लगेच कळलं.

धाकटा वीस वर्षांचा. आई गेल्यापासून थोरल्याच्या अंगावर पाय टाकून झोपायची त्याची सवय, ती थोरला विमानात बसेपर्यंत सुटली नव्हती. मालिशवाल्याचा मुलगा असून त्याला पाठीवर नुसतं बोट लावलं तरी गुदगुल्या व्हायच्या आणि तो खिदळत सतरंजीवरून पळायचा. त्या मुलाला त्या पिवळ्या बल्बखाली बघणं थोरल्याला सहन होणार नव्हतं. त्यानं नाना सबबी सांगून पाहिल्या. इथे थंडी फार आहे म्हणाला, तर बाबा म्हणाले स्वेटर घेऊन येईल. जेवणाचे हाल आहेत म्हणाला, तर धाकटा म्हणाला, "दादा, मी करीन की स्वयंपाक. तू फक्त भांडी घास." एजंटबद्दल शंका काढली, तर बाबा हसले. मान परत तपासली होती. अजून तशीच मऊ होती.

मग एका शनिवारी सकाळी बाईंनी त्याला गल्ल्यापाशी बोलावलं आणि स्वतःचा मोबाइल पुढे केला. धाकट्याचा फोटो होता. घराच्या भिंतीला टेकून, गंजीवर, हाताची घडी घालून हसत उभा होता. दुसरा बाजूनं काढलेला, तिसरा पाठमोरा. मेडिकलसाठी लागतात असं सांगून एजंटनं थोरल्याचेही असेच तीन फोटो काढून घेतले होते. बाई म्हणाल्या, मुलगा छान आहे, गुरुवारी पोचतोय, चौथी खोली त्याच्यासाठी रंगवायला घेऊ. आणि आपुलकीनं पुढे म्हणाल्या की सुरुवातीला तूच त्याला समजावून सांग, घरच्या माणसानं सांगितलं की लवकर रुळतात. थोरला "हो" म्हणाला. भीतीनं म्हणाला. मग संडासात जाऊन ओकला, चूळ भरली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी पलंगावर नवा टॉवेल अंथरला.

सोमवारी दुकान बंद असे. दोन दिवस त्यानं मनातल्या मनात वाक्यं जुळवली होती. दुपारी मागच्या जिन्यावर, मशीनशेजारी बसून त्यानं फोन लावला. धाकटा जवळ आहे का, हे आधी विचारलं. तो बॅग आणायला बाजारात गेला होता.

"बाबा, त्याला पाठवू नका."

बाबा नेहमीप्रमाणे स्वेटरचं सांगू लागले. थोरल्यानं त्यांना मध्येच तोडलं. जन्मात पहिल्यांदा.

"बाबा, ऐका. इथे मालिश नाही चालत. बाजारातल्या बायका जो धंदा करतात तो मी इथे करतो. पुरुषांबरोबर. वर्ष उलटून गेलं. आणि आता धाकट्यासाठी खोली तयार आहे."

जुळवलेलं एकही वाक्य त्यानं वापरलं नव्हतं. पलीकडे कुणीतरी कण्हत विचारत होतं, की पालथं पडू का. बाबा त्या माणसाला म्हणाले, "आज नाही जमणार. उद्या या." दुखणं घेऊन आलेल्याला बाबांनी परत पाठवल्याचं थोरल्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"पण मी त्याची मान बघितली होती," बाबा शेवटी म्हणाले. आवाज ओळखू येत नव्हता.

"त्याला लाज नाही, बाबा. लाज नसली की मान मऊच राहते."

"मग मी इतकी वर्षं काय चाचपत होतो?"

आपल्याकडच्या माणसांना लाज आहे, त्यांच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं, असं काहीतरी थोरला म्हणाला. बाबांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, की धाकटा कुठेही जाणार नाही. थोरल्याच्या छातीवरची धोंड उतरली. तो जिन्यावर बसून ढसाढसा रडला, बापाला ऐकू जाईल याची पर्वा न करता. आणि त्या रडण्याच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "मीपण येतो, बाबा. कागद कसेही सोडवतो."

बाबा लगेच हो म्हणाले नाहीत.

"आपल्या हाताखाली लोक उघड्या अंगानं झोपतात," ते सावकाश म्हणाले. "बायाबापड्या पाय पुढे करतात. तान्ही मुलं आणून मांडीवर ठेवतात."

"कुणाला कळणार आहे, बाबा?"

"मला कळलंय ना."

मशीन घरघरत होतं. बाबा पुढे म्हणाले की त्या दुकानातून बाहेर पड, तिकडेच दुसरं काही हमालीचं, झाडलोटीचं मिळतंय का बघ, धाकट्याचं इकडे बस्तान बसू दे, मग बघू. ते रागानं बोलत नव्हते. रागानं बोलले असते तर थोरल्याला भांडता आलं असतं. धाकट्याला कारण काय सांगू, असं त्यांनी विचारलं, तेव्हा थोरल्यानंच सुचवलं, की सगळं माझ्यावर घाला. दादाला तिकडे वाटेकरी नकोय म्हणून सांगा. खरं त्याला कधीच कळता कामा नये, अशी शपथ बाबांनी त्याच्याकडून घेतली आणि फोन ठेवला.

तासाभरानं धाकट्याचा फोन आला. थोरला अजून तिथेच बसलेला होता. धाकटा आधी चिडून बोलला, मग शिव्यांवर आला. मित्रांना सांगून झालं होतं, बॅग घेऊन झाली होती, आता गावात तोंड कसं दाखवू, असं काय काय बोलत सुटला. भावाचा आवाज घरातून येत होता. चुलीपाशी भांडं पडल्याचा खणखणाट झाला, कुणीतरी दार लोटलं, आणि थोरला ते सगळं कान देऊन ऐकत होता.

"दादा, खरं सांग," धाकट्याचा आवाज एकदम लहान झाला. "मी आलो असतो तर तुझं काय गेलं असतं?"

एक वाक्य बोलला असता तर भाऊ परत मिळाला असता.

"इथे एकाचीच जागा आहे," थोरला म्हणाला.

"मग बस तिथेच. या घरात तू माझा कुणी नाहीस."

धाकट्यानं फोन आपटला. थोरल्यानं मोबाइल पायरीवर ठेवला आणि मशीनमधले टॉवेल बाहेर काढायला उठला.