ट्रॅक्टरच्या टेपमधला पेनड्राइव्ह

मित्रांनो, माझ्या अंगाला डिझेलचा वास येतो आणि एका कडेला वंगणाचा काळा डाग आहे. मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. हिवरा आश्रमाजवळच्या एका गावात, शेषराव नावाच्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये माझं आयुष्य गेलं.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. मेहकरच्या दुकानात माझ्यात जुनी सिनेमाची गाणी भरली आणि शेषरावांनी मला ट्रॅक्टरच्या टेपमध्ये खोचलं. नांगरटीच्या धुळीत मी गात राहिलो. बांधावरून कुणी ओरडे, "शेषरावभाऊ, वाढवा ना आवाज!" तेव्हा मला फार बरं वाटे. पुढे भजनी मंडळात शेषराव स्वतः गायले. ते कुणीतरी मोबाइलवर टिपलं आणि माझ्यात भरून दिलं. घरात हे त्यांना आणि त्यांच्या पत्नीला, तानुबाईंनाच ठाऊक होतं.

शेषराव गेले. तेरवी झाली. ट्रॅक्टर उभाच राहिला आणि त्यात मीही.

त्यांची मुलगी अनुपमा हिने नवा लॅपटॉप आणला होता. त्यात आधीपासूनच नको ते प्रोग्राम भरलेले होते. "सगळं काढून विंडोज नव्यानं टाकतो," ती म्हणाली. वडील गेल्यापासून ती असंच काही ना काही साफ करत बसे. "हर्षल, एखादा पेनड्राइव्ह हाय काय रे?"

"ट्रॅक्टरमधला घे ना ताई. गाणेच हायेत त्यात," तिचा धाकटा भाऊ म्हणाला.

लॅपटॉपवर विंडोज टाकायला ते आधी माझ्यात भरावं लागतं, आणि त्याआधी मला कोरं करावं लागतं. पडद्यावर तशी सूचना आली. तिने ती नीट वाचली आणि होकार दिला.

लॅपटॉप छान सुरू झाला. तेवढ्यात तानुबाईंनी मला पाहिलं.

"हे काऊन काढलं वं? तुह्या बाबाचं भजन हाय त्यात."

अनुपमाने मला चटकन लॅपटॉपमधून काढलं. हर्षल चिडून म्हणाला, "आई, सांगाचं तं होतं!"

"तुमी इचारलं काय मले?"

अनुपमा मला घेऊन मेहकरला गेली. दुरुस्तीवाल्या दीपकने बजावलं, "आता याच्यात काईच टाकू नका. नव्याखाली जे दबलं ते गेलं. बाकीचं पाहतो."

सिनेमाची गाणी बरीच परत आली. भजनाचा फक्त सुरुवातीचा तुकडा आला. शेषराव खाकरतात आणि कुणाला तरी दटावतात, "झांज हळू वाजव बे, माहा आवाज दबून राह्यला." तिथेच तो तुकडा संपतो.

घरी तिने तो लावला. तानुबाई हसल्या, पदर सावरून बसल्या. "थांब, आता गातीन थे."

पुढे काहीच नाही, हे अनुपमाला सांगवेना. तिने तुकडा पुन्हा लावला.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. पण कुठलीही जुनी वस्तू रिकामी करण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारा, थकल्या माणसांना तर नक्कीच. आणि तुमच्यापाशी कुणाचा आवाज असेल, तर त्याची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा. आजच ठेवा.