गाठीपर्यंत श्वास

बेंबीच्या खाली दोन बोटांवर ती गाठ... सदऱ्याच्या आत, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशी, तरी अप्पांचा हात पुन्हा पुन्हा तिथेच जात होता. तांबड्या शेल्याची गाठ. सकाळी गणपतने स्वतः बांधलेली – चाळीस वर्षं दशावतारात राजे झालेल्या गणपतने, जामसंड्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका मास्तराच्या कमरेला.

"श्वास गाठीक लागाक व्हयो, गुरुजी. लागलो की समजाचा, पुरो इलो. मगे तोंड उघडाचा."

घरातून निघताना बायकोने, लीलाने, पाहिलंच. "ह्या काय? पोटाक पट्टो? बाळंतीण झालास काय?" हसली, आणि हसता हसता वरचा सदरा तिनेच सारखा केला.

आता कुणकेश्वरच्या देवळासमोरचा मांडव भरत होता. उन्हं कलली होती, खाली समुद्राचा एकसारखा घोष – आणि त्या घोषावरून आपला आवाज न्यायचा? वर्गातसुद्धा तो तिसऱ्या बाकापलीकडे गेला नाही. मागे खुशाल आवळे खाल्ले जात. गणपतचा आवाज मात्र... किती वर्षं अप्पा पुढच्या रांगेत बसून तो ऐकत आले. हाती कागद नाही, बोलणं तिथल्या तिथे सुचायचं, आणि वाक्य कितीही लांबलं तरी शेवटचं अक्षर पहिल्याइतकंच ताठ उभं. श्वास घेताना तो कधी दिसलाच नाही. पखवाजाची थाप पडे, तो मान वळवी, आणि त्या वळण्यातच त्याची कमर भरून येई... एवढं कळायला अप्पांना अकरा वर्षं लागली. घरी येऊन ते वहीत लिहीत. वही भरली, कुणाला दाखवली नाही.

गणपतलाच दाखवायला हवी होती. त्याऐवजी –

सहा वर्षांपूर्वी, जिल्हा वेगळा झाला तेव्हा, वाचनालयात आवाजाच्या साधनेवरचं एक पुस्तक हाती आलं. पोट मोकळं हवं, कमरेचं बंधन श्वास अडवतं. अप्पांनी पेन्सिलीने आकृती काढून गणपतला समजावलं होतं, शेला सैल बांध. मी सांगितलं होतं – मी, ज्याने जन्मात तोंडाला रंग लावला नाही. आणि गुरुजी म्हणाले म्हणून त्याने ऐकलं. जत्रेत, युद्धाच्या ऐन संवादात, त्याचा श्वास टेकायला जागा शोधत राहिला. आवाज फाटला, कुणी शिट्टी मारली, तो तलवार उगारून नुसता उभा. लोकांनी ठरवूनच टाकलं, प्यायला होता. थेंबाला न शिवणारा माणूस. विचारणाऱ्यांना तो एवढंच म्हणाला, "थंडी बाधली." आणि मी पुढच्या रांगेत बसून होतो... सहा वर्षं बसूनच आहे.

आज त्याच्या निवृत्तीचा सत्कार. बोलायला त्याने अप्पांनाच मागितलं होतं. का?

देवळाच्या कमिटीतला बाबली कर्ण्याची तार जोडत होता. मागून गणपत नुसता बोलला, पण सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"बाबल्या, भोंगो काढ रे. गुरुजी बोलतले."

"मागे ऐकाक येवचा नाय!"

"मागे मीच बसतंय मा. माका येतला."

आणि तो खरंच सत्काराची खुर्ची रिकामी सोडून अगदी शेवटी, दीपमाळेला टेकून बसला.

अप्पा उठले. हातात वहीचं पान होतं, त्यावर स्तुती होती, नीटस, पुष्कळदा खोडून लिहिलेली. फक्त त्या जत्रेबद्दल त्यात काही नव्हतं. पान त्यांनी खिशात ठेवलं. 'आवाज मोठो करू नकात, लांब करा,' सकाळी तो म्हणाला होता, 'शेवटच्या रांगेत एक माणूस धरा.' श्वास छातीत आला, नेहमीसारखा तिथेच घुटमळला... मग खाली, आणखी खाली, जिथे तो कधी गेलाच नव्हता... कापड हलकेच ताणलं. लागला.

भीती होती, पण वर कुठेतरी, दुसऱ्या कुणाची असावी तशी. आणि खाली गाठीपाशी चक्क जागा होती – त्या वर्षी गणपत प्यायला नव्हता, चूक माझी होती – एवढ्या वाक्याला, त्याच्या शेवटच्या अक्षरापर्यंत, पुरेल इतकी.