काटा अडकला? लगेच फोन करा

मामाच्या दुकानात दोन जातीचे काटे यायचे. एक घड्याळाचे, सदा घाईतले. दुसरे वजनकाट्याचे, डावीकडे झुलत, उजवीकडे झुलत, मग कुठेतरी मध्ये येऊन निवांत उभे राहणारे. चाळीस वर्षं मामानं दोघांनाही ताळ्यावर आणलं. "आपल्याकडे रोग दोनच," तो म्हणायचा. "एकतर काटा अडकतो, नाहीतर काटा खोटं बोलतो."

पण अलीकडे काटेच येईनासे झाले होते. वेळ फोनच्या काचेत जाऊन बसली, वजनाचे लाल आकडे झाले. सोमवारी सकाळी मामानं भाचीला बोलावून सांगून टाकलं, "चिमणे, शनिवारपर्यंत वाट बघतो. फोन वाजला तर वाजला. नाहीतर संध्याकाळी पाचला तंत्रशाळेचे सर येतील, त्यांच्या हाती अवजारं देतो आणि शटर ओढतो."

"आणि मग घरी बसून काय करशील?"

"मामीला वेळेवर आणीन."

"मामी तुला तेवढ्यासाठी घरात घेणार नाही," चिमणी म्हणाली. दोघंही हसली, पण हसणं काउंटरच्या काचेवरच राहिलं, आत गेलं नाही.

चिमणी आता चाळिशीला आली होती, तरी मामाच्या तोंडी चिमणीच. नोकरी जाहिरातीच्या ऑफिसात. लोक इंटरनेटवर काय शोधतात ते हेरायचं आणि नेमक्या त्या शोधापाशी दुकानदाराची जाहिरात नेऊन उभी करायची, हे तिचं काम. माणूस 'पादत्राणे दुरुस्ती' शोधत नाही, तो 'चप्पल तुटली जवळ कोण' असं शोधतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. लोकांच्या ओठावरचा शब्द ती अलगद टिपायची. ऑफिसात तिला शब्दबाईच म्हणत.

मामासाठी तिनं त्याचाच शब्द उचलला. जाहिरात लिहिली: 'काटा अडकला? लगेच फोन करा. चाळीस वर्षांचा अनुभव.' खाली दुकानाचा नंबर. दुकानात फोन तो जुना, तारेचा, जाड काळ्या रिसीव्हरचा. कोण बोलतंय ते उचलल्यावरच कळणार.

मग नेहमीसारखी ती शब्दांची यादी करायला बसली, कुठल्या शोधावर जाहिरात दाखवायची आणि कुठल्यावर मुळीच नाही. तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे. साहेब तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

"शब्दबाई, अजून याद्या? अहो, ते दिवस गेले. आता मशीनला अर्थ कळतो. मोकळं सोडा त्याला. जवळचा, लांबचा, सगळा अर्थ ते स्वतः धरतं."

"मशीनला काटा म्हणजे काय ते कळेल?"

"तुमच्यापेक्षा जास्त!"

चिमणीनं यादी अर्ध्यावर टाकली आणि मशीनला मोकळं सोडलं. संध्याकाळी मामाला एवढंच सांगितलं, "आता मी तुला फोन करणार नाही, तूही मला करू नकोस. लाइन मोकळी राहू दे."

मंगळवारी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. पडद्यावरचा आकडा बघायचा, पडदा झाकायचा, पुन्हा उघडायचा. जिन्यानं खाली गेली, कशाला आलो ते विसरून वर आली. चहा ओतून घेतला, तो कपातच गार झाला. दुपारी एकपर्यंत आकडा शून्यावर बसून होता. आणि एक वाजल्यावर चार जणांनी जाहिरात उघडली. मग सात. मग अकरा. तीन वाजता पुन्हा सामसूम. रात्री जेवणाच्या सुमारास पुन्हा एक उसळी.

"बघा!" सकाळी आकडे बघून साहेब म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"

ती हसली. पण आत काहीतरी टोचत राहिलं. घड्याळं काय जेवणाच्या वेळेलाच बंद पडतात?

बुधवारीही तसंच. एक वाजला की आकडा उड्या मारायचा, मामाचं दुकान तीन रस्ते पलीकडे, आणि इकडे तिची बोटं रिसीव्हरपर्यंत जाऊन परत यायची. लाइन मोकळी राहू दे. दुपारी चारला तिला राहवेना. लोकांनी खरोखर काय लिहून शोधलं, त्याचा तक्ता तिनं उघडला. एकाखाली एक ओळी उतरत गेल्या.

घशात काटा अडकला
काटा अडकला काय गिळू
माशाचा काटा अडकला दुखतंय
काटा अडकला जवळ कोण
लेकीच्या घशात काटा अडकला लवकर सांगा

कुणी रचल्या नव्हत्या त्या, तरी कुणीतरी गुडघे पोटाशी घेऊन गात असावं तशा एका लयीत आल्या होत्या. तिच्या अंगावर काटा आला. आणि आला तोही काटाच, म्हणून तिला स्वतःची लाज वाटली.

तिनं आधी जाहिरात बंद केली. मग यादी घेतली, सोमवारी टाकून दिलेली, आणि भराभर लिहिलं: घसा नको. मासा नको. गिळणं नको. लेक नको. त्या शेवटच्या शब्दापाशी हात थबकला, पण लिहिला. मथळा बदलून 'घड्याळ किंवा वजनकाटा बिघडला?' असा केला, जाहिरात पुन्हा चालू केली, पर्स उचलली आणि साहेब काही विचारायच्या आत जिना उतरली.

मामा काउंटरमागे बसला होता, डोळ्याला भिंग, समोर मात्र एकही घड्याळ नव्हतं.

"मामा, फोन आले?"

"आले की. नऊ आले." मामानं भिंग काढलं. "घड्याळाचा एकही नाही. पहिल्या गृहस्थाला मी विचारलं, कुठला काटा, तासाचा की मिनिटाचा? तर खेकसला माझ्यावर. म्हणे, अहो, माशाचा!"

"अरे देवा. मग?"

"मग काय. म्हटलं, मी घड्याळवाला आहे. तर म्हणतो, मग लगेच फोन करा असं लिहिता कशाला? खरं होतं त्याचं. मी लगेच समोरच्या औषधवाल्याला विचारून आलो. तेव्हापासून प्रत्येकाला तेच सांगतो. बोटं घालू नका, कोरडे घास गिळू नका, सरळ घशाच्या डॉक्टरांकडे जा."

"मला सांगितलं का नाहीस तू?"

"लाइन मोकळी ठेव म्हणालीस ना!"

चिमणी मटकन स्टुलावर बसली. काउंटरवरचा रिकामा वजनकाटा मामानं उगाच बोटानं हलवला, तो झुलत राहिला.

"आज दुपारी एक बाई होती," तो म्हणाला. "लेक सहा वर्षांची. मागे रडत होती, ऐकू येत होतं. बाईलाही धड बोलता येईना. मी म्हटलं, रडतेय ना, म्हणजे श्वास आहे, भिऊ नकोस. उचल तिला आणि दवाखान्यात ने, आत्ताच्या आत्ता. आणि काटा निघाला की मला कळव. ती हो म्हणाली."

"आणि?"

"आणि काय? अजून फोन नाही."

गुरुवार गेला. शुक्रवार गेला. नव्या जाहिरातीचा आकडा तीनवर जाऊन निजला. ऑफिसात बैठक झाली. साहेब पडद्यापुढे हात हलवत सांगत होते, की आता लोक जाहिरातही उघडत नाहीत न् संकेतस्थळंही, प्रश्न विचारला की उत्तर वरच लिहून येतं, तेवढं वाचून माणूस निघून जातो. चिमणीनं टेबलाखाली फोनवर लिहून बघितलं, घशात काटा अडकला. उत्तर आलं. नीटनेटकं, बरोबर, मामा सांगत होता तेच. ती ते शेवटपर्यंत वाचत गेली. निघाला की कळव, असं त्यात कुठेच नव्हतं.

दुपारी तिनं घशाच्या तीन डॉक्टरांकडे फोन लावला. बुधवारी सहा वर्षांची मुलगी आली होती का हो? दोघांकडे माहिती देत नाहीत म्हणाले. तिसरीकडची बाई म्हणाली, "तुम्ही कोण तिच्या?"

"कुणी नाही," चिमणी म्हणाली आणि फोन ठेवला. ज्या बाईला हुडकायचं, तिनं हुडकताना लिहिलेला शब्द तेवढा तिच्यापाशी होता, आणि तोच तिनं आपल्या हातानं यादीत बंद करून टाकला होता.

शनिवारी साडेचारला ती दुकानात पोचली. अवजारं लाकडी पेटीत रचून झाली होती. बारीक पेचकस, चिमटे, तेलाची कुपी, कापडात गुंडाळलेली वजनं. भिंतीवरच्या घड्याळांना मामानं किल्ली दिली नव्हती, एकेक थकून थांबत होतं. कुलूप त्याच्या मांडीवर. नजर फोनवर.

"वाजला?"

"नाही."

"मामा, निघाला असेल रे काटा. घाईत तुझा नंबर राहिला असेल."

"असेल."

"मग असा काय बसलास?"

"तू बस बघू जरा. येरझाऱ्या घालू नकोस, मला चक्कर येते."

ती बसली, लगेच उठली. पाचला दहा कमी असताना फोन वाजला. दोघांचे हात एकदम गेले. मामाचा आधी पोचला.

"हॅलो?"

"काट्यासाठी फोन केलाय," पलीकडून बाईचा आवाज. चिमणीनं कान रिसीव्हरला लावला.

"निघाला?" मामाचा आवाज चिरकला.

"निघाला काय? अडकलाय! किराण्याचं दुकान आहे माझं. सकाळपासून काटा दोन किलोवरून हलत नाही. गिऱ्हाईक माझ्याकडे चोरासारखं बघतंय. तुम्ही नीट करता ना?"

मामानं डोळे मिटले. "करतो," तो म्हणाला. "पत्ता लिहून घ्या." त्यानं पत्ता सांगितला, दोनदा. "काटा घेऊन या, आज लगेच करून देतो. आणि बाई, राग मानू नका, पण आता फोन ठेवा."

"अहो, किती वेळ लागेल ते तरी..."

"आल्यावर सांगतो. ठेवा. लाइन मोकळी हवी आहे मला."

रिसीव्हर जागेवर गेला. चिमणी मामाकडे बघत राहिली. सबंध आठवडा ज्याची वाट बघितली ते गिऱ्हाईक त्यानं अर्ध्या वाक्यात कापलं होतं.

"मामा, सर येतील आता."

"येऊ देत. चहा पाजू." त्यानं मांडीवरचं कुलूप उचललं आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं. "सांगू त्यांना, अवजारं आत्ता लागणार आहेत."

"आज ठीक आहे. पण सोमवारी?"

"सोमवारी ती लेक दवाखान्यातून सुटून आली आणि तिच्या आईनं फोन केला, तर कोण उचलणार?" मामा म्हणाला आणि पेटीतून सगळ्यात बारीक पेचकस शोधून काढू लागला. चिमणीनं स्टूल ओढलं, फोनच्या जवळ, आणि भिंतीवरच्या घड्याळांना एकेक करून किल्ली द्यायला घेतली.