मान कोळ्याला, राबणं मला

मी पिराजी सुताराचं यकृत बोलतोय. उजव्या बरगड्यांखाली माझा मुक्काम. मी इथं आहे, हे पिराजीला ठाऊक नाही. कसं असणार? मी हृदयासारखा धडधडत नाही, पोटासारखा गुरगुरत नाही. गप्प राबणाऱ्याला कोण विचारतं?

पिराजी कोल्हापुरात बैलगाडीची चाकं करतो. महाराजांच्या राज्यात रस्ते झाले, गाड्या वाढल्या, चाकं वाढली आणि त्याच्या हातावरच्या जखमाही. वाकस लाकूड तासता तासता अंगठाही तासायचा. मग त्याची बायको बनाबाई आढ्यावरचं कोळ्याचं जाळं काढून जखमेत भरायची. थोड्या वेळात रक्त थांबायचं.

"आमच्या घरचा कोळी लई गुणाचा!" पिराजी सगळ्यांना सांगायचा. त्या गुणी प्राण्याचा संसार मोडू नये म्हणून घरातलं आढं कधी झाडलंच गेलं नाही.

आता खरं सांगतो. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिनं मी तयार करतो आणि रक्तात सोडतो. कातडी फाटली की त्यांचे बारीक धागे होतात, त्यांत रक्त अडकतं आणि गुठळी बसते. पण मी पडलो आतला. कोळी डोळ्यांना दिसतो.

माझी बक्षिसी मात्र रोज संध्याकाळी न चुकता यायची, गुत्त्यावरून. "दिसभर घाम गाळलाय, अंगात जरा ऊब नको व्हय?" असं म्हणत पिराजी प्यायचा आणि ती ऊब निस्तरायचो मी. वर्षं गेली. मी जागोजागी निबर झालो. प्रथिनं कमी पडू लागली.

आज सकाळी वाकस पुन्हा निसटला. जखम लहानच, पण रक्त थांबेना. बनाबाईनं सगळी जाळी उतरवली. एक फडकं भिजलं, दुसरं भिजलं.

"औंदाचा कोळीच खोटा हाय," पिराजी म्हणाला.

शेजारचे नबीलाल धावत जाऊन वैद्यांना घेऊन आले. वैद्यांनी अंगठा दाबून घट्ट पट्टी बांधली आणि मग पिराजीच्या बरगड्यांखाली बोटं रोवली. जन्मात पहिल्यांदा कुणी माझी चौकशी केली!

"अवो, अंगठा कापलाय माझा," पिराजी ओरडला. "प्वाट कशाला चिवडताय?"

"दुखणं इथं आहे. दारू सोड. नाहीतर पुढच्या वेळी पट्टीनंही रक्त थांबायचं नाही."

वैद्य गेले. माझ्याजवळ उरलंसुरलं होतं ते सगळं मी पाठवलं, तेव्हा कुठं रक्त थांबलं. पिराजी लगेच उठला.

"थांबलं न्हवं? जरा जाऊन येतो. तरतरी येईल."

बनाबाई उंबऱ्यावर जाऊन बसली. "जावा की. माझ्या अंगावरनं पाय टाकून जावा."

"ऊठ म्हणतो न्हवं!"

"न्हाय उठत. घरातली फडकी संपली."

पिराजी अजून तिथंच उभा आहे. एक पाय पुढं, एक मागं.

बनाबाई, तुम्हाला माझा आवाज ऐकू येत नाही, तरी विनवतो. उठू नका. माझा बराच भाग कामातून गेला, पण राहिलेला अजून राबेल. आज बसा, उद्याही बसा. रक्ताचं मी बघतो, दाराचं तुम्ही बघा.