सातची शेपटी

आमच्या शहरात न्याय फार लवकर मिळतो. दाढीला लागतो त्याच्या निम्म्या वेळात. सलूनवाल्याच्या दुकानात एक लांब बाकडं आहे. त्यावर पाच जण बसतात आणि सहावा पायरीवर. सकाळचं वर्तमानपत्र आलं की पहिल्या गालाला साबण लागायच्या आत आरोपी दोषी ठरतो आणि दुसऱ्या गालावरून वस्तरा फिरेपर्यंत त्याची शिक्षाही भोगून होते. वकील नको, पुरावा नको. साक्षीदाराने तर मुळीच येऊ नये, उगीच खटला लांबतो.

या बाकड्याच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, पाटीवाल्याचं दुकान. संगमरवरावर नावं कोरणं, पितळेचे शिक्के कापणं हा त्याचा धंदा. त्याचं अक्षर असं की नाव वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस नक्की मोठा असणार. त्यातही त्याचा सातचा आकडा सगळ्यांहून वेगळा. शेवटी शेपटीला तो एक बारीकशी आकडी द्यायचा. तशी आकडी शहरात दुसऱ्या कुणाच्या हाताला साधत नसे.

त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे दानवीर. शहरातला निम्मा पैसा त्यांचा आणि उरलेल्या निम्म्यावर त्यांची नजर. बागेतले बाक त्यांनी दिलेले, पाणपोया त्यांनी दिलेल्या, बागेतल्या तळ्यातल्या बदकांच्या पायांतल्या कड्यांवरसुद्धा त्यांचं नाव. सरकारी दवाखान्याला त्यांनी एक नवी इमारत बांधून दिली, तेव्हा दारावर उशीएवढ्या जाड संगमरवराची पाटी लागली. पदव्यांसकट नाव इतकं लांब होतं की बाळंत होऊन घरी निघालेली एक बाई ते वाचायला थांबली आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचली तेव्हा कडेवरच्या बाळाला दात आले होते, असं सांगतात. दात मी मोजलेले नाहीत.

हसायचं ते इथेच हसून घ्या. पुढे फारशी जागा नाही.

त्या नव्या इमारतीत एकाच आठवड्यात अकरा माणसं दगावली. साध्या दुखण्याने आलेली माणसं. दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर एक बाई बसायच्या, सगळे त्यांना औषधबाई म्हणत. त्यांना सलाईनच्या बाटल्यांचा संशय आला. बाटल्या दानवीरांच्याच कारखान्यातून दान म्हणून आलेल्या. औषधबाईंनी एका बाटलीवरच्या लेबलाची कड नखाने खरवडली. त्याखाली आणखी एक लेबल निघालं. खालची तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटून गेलेली होती.

त्यांनी ती बाटली वरिष्ठांना दाखवली. वरिष्ठांनी ती कपाटात ठेवली. मग त्यांनी दुसरी बाटली वर्तमानपत्राला दाखवली.

बाकड्यावर त्या दिवशी एकाचीही दाढी धड झाली नाही. "फासावर द्या!" पहिला म्हणाला. "फास कशाला, तीच बाटली लावा त्याला!" दुसरा म्हणाला. संध्याकाळी दवाखान्यावर गर्दी चालून गेली आणि पाटी उतरवली गेली. पाटीवाल्याने तिचा दर्शनी भाग घासून नाव काढून टाकलं. दगडावरचं नाव पुसलं जात नाही, अक्षर जेवढं खोल तेवढा दगडच घासून काढावा लागतो. पाटीची जाडी निम्म्यावर आली.

महिन्याभराने वर्तमानपत्रात दुसरीच बातमी आली. दानवीरांच्या व्यवस्थापकाने सांगितलं की चांगल्या बाटल्या औषधबाईंनीच बाहेर विकल्या आणि जुन्या बाटल्यांवर नवी लेबलं चिकटवून ठेवली. त्याच आठवड्यात दानवीरांनी शहराला दहा नव्या बस दिल्या. पहिल्या बसमधून उतरलेला माणूस थेट बाकड्यावर येऊन बसला.

"एवढा मोठा माणूस बाटल्यांना लेबलं चिकटवत बसेल का रे?"

"आणि ती बाई एकटी राहते. म्हातारा बाप तेवढा घरात. खर्च कसा भागत असेल?"

"परवा पायात नवी चप्पल होती तिच्या. मी पाहिली ना!"

झालं! चपलेवरून निकाल लागला. पाटी परत आली, नाव पुन्हा कोरलं गेलं. पुढे दानवीरांच्या गोदामातला एक हमाल लेबलांबद्दल काहीतरी बोलला, तेव्हा ते पुन्हा घासलं गेलं. हमाल आठ दिवसांत आपलं बोलणं गिळून बसला. औषधबाईंना कामावरून काढलं, घरमालकाने खोली सोडायला सांगितली.

आता नागरिकहो, एक गोष्ट तुमच्या कानात सांगतो. बाटलीचा फोटो पहिल्यांदा छापून आला त्याच सकाळी पाटीवाल्याने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला होता. नव्या लेबलावर शिक्क्याने उठवलेली तारीख होती आणि तारखेतल्या सातच्या शेपटीला बारीकशी आकडी होती.

तो शिक्का त्यानेच कापलेला. फोटो छापून येण्याच्या दोन महिने आधी व्यवस्थापक स्वतः दुकानात आला होता. "गोदामाच्या कामाला हवाय," एवढंच म्हणाला. पाटीवाल्याची एक जुनी शिस्त होती. कुठलंही काम हातून देण्याआधी त्याचा ठसा तो वहीत उठवायचा आणि खाली गिऱ्हाइकाची सही घ्यायचा, म्हणजे पुढे अक्षरावरून भांडण नको. व्यवस्थापकाने इतक्या पाट्यांच्या ठशांखाली सह्या केल्या होत्या की याही ठशाखाली त्याने सवयीने सही ठोकली. शिवाय तारीखही घातली.

वही दुकानाच्या फळीवर होती. चार महिने ती तिथेच राहिली. पाटीवाल्याने तोंडात मिठाची गुळणी धरली. पाण्यात राहून माशाशी वैर कुणी सांगितलंय? शहरातली निम्मी नावं त्या एका माणसाची, आणि त्या नावांवर त्याची चूल. 'आपलं काम अक्षरांचं, न्यायाचं नाही,' असं तो मनाशी म्हणायचा आणि संध्याकाळी बाकड्यावर जाऊन बसायचा.

एके दिवशी औषधबाईंचे वडील दाढी करायला सलूनमध्ये आले. काठी टेकत, दम खात. सलूनवाल्याने त्यांना बसू न देता खुर्ची फिरवून घेतली.

"आमचा वस्तरा जुना आहे आजोबा. थांबा, आधी त्याला नवं लेबल लावतो!"

बाकडं खो खो हसलं. सगळ्यात मोठ्याने पाटीवाला हसला. त्यालाच हसण्याची सगळ्यात जास्त गरज होती.

म्हातारा आला तसा काठी टेकत गेला. त्यानंतर तो कुठल्याच सलूनमध्ये गेला नाही.

त्या अकरा मृत्यूंसाठी नेमलेल्या चौकशी समितीची शेवटची बैठक सोमवारी ठरली. त्यात औषधबाईंवर ठपका बसला की पुढे तुरुंग, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच दिवशी संध्याकाळी कुणी बडा पाहुणा दवाखान्याला भेट देणार होता, म्हणून व्यवस्थापकाने पाटी पुन्हा दुकानात पाठवली. सोमवारच्या दुपारपर्यंत दानवीरांचं नाव तिसऱ्यांदा कोरून हवं होतं.

सोमवारी सकाळी पाटीवाल्याने पाटी लाकडी घोडीवर उभी केली. पलीकडच्या बाजूला त्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन बसली. दगडाला पाणी द्यायचं, भुकटी धुवायची आणि शेवटी पॉलिश करायचं हे काम वर्षानुवर्षं तिचंच. तिने बोटाच्या पेराने पाटीवर टकटक केलं.

"अहो, हा दगड राहिला नाही. पुठ्ठा झालाय."

"गप बस. अजून एक नाव पेलेल तो."

त्याने छिन्नी लावली. पहिलंच अक्षर. हातोडीचा तिसरा ठोका पडला आणि छिन्नी आरपार गेली!

बोटभर भोक पडलं. पाटीवाल्याने वाकून पाहिलं, तर भोकातून त्याच्याकडे एक डोळा बघत होता.

"दिसतेय का मी?" बायकोने विचारलं.

"दिसतेस."

"तुम्हीही दिसताय मला. चार महिन्यांत पहिल्यांदा."

"काय बोलतेस?"

"शिक्का घासून कुणी दिला होता? मीच ना? तो सात माझ्या अंगठ्याखालून गेलाय. पेपरात पाहिला त्या सकाळीच ओळखला मी. म्हटलं, आज बोलतील. उद्या बोलतील. तुम्ही बाकड्यावर जाऊन बोललात, पण चपलांवर."

"अगं, त्यांचं नाव गेलं तर खाणार काय आपण? दगड?"

"आजवर काय खाल्लं? दगडच ना?" ती पाटीला वळसा घालून समोर आली. हात कोपरापर्यंत पांढरे. "ती बाई चोर आहे असं ज्यांना वाटतं ना, त्यांना मी एक वेळ माफ करीन. बिचारे उचलतात जीभ आणि लावतात टाळ्याला, त्यांना काही माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही त्यांच्यात बसून हसलात. म्हाताऱ्याला दारातून हाकललं तेव्हा तुमचं हसणं मला इथवर ऐकू आलं. चाळीस वर्षं मी तुमचं हसणं ओळखते. ते हसणं नव्हतं. ते..."

तिने फळीवरची वही काढली, पदराने भुकटी पुसली आणि त्याच्यासमोर धरली.

पाटीवाल्याने छिन्नी खाली ठेवली.

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. टेबलामागे तीन खुर्च्या, तीन पाण्याचे पेले. व्यवस्थापक बाजूच्या कोचावर पाय पसरून बसलेला. औषधबाई एका स्टुलावर. त्यांना पाणी कुणी विचारलेलं दिसत नव्हतं.

पाटीवाल्याने वही उघडून ठेवली. समितीतल्या डॉक्टरीणबाईंनी कपाटातली बाटली मागवली, भिंग मागवलं. बाटलीवरचा सात पाहिला. वहीतला सात पाहिला. मग ठशाखालची सही पाहिली.

"ही सही कोणाची?"

व्यवस्थापकाने पाय आखडले. "मी रोज शंभर सह्या करतो. कशाकशावर करतो, कुणाला आठवतंय..."

"खाली तारीखही तुमच्याच हातची आहे. बाटल्या दवाखान्यात येण्याच्या तीन दिवस आधीची."

समितीचे अध्यक्ष दानवीरांच्या पंक्तीतले होते. त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. मग त्यांनी पाटीवाल्यावर डोळे वटारले.

"चार महिने ही वही होती तुमच्याकडे? मग तेव्हाच का नाही बोललात?"

"मला कुणी विचारलं नाही, साहेब."

बोलून झाल्यावर त्याची नजर स्टुलाकडे गेली. औषधबाई त्याच्याकडे पाहत होत्या. रागाने नव्हे. दुकानातल्या वजनकाट्याकडे बघावं तशा, आता आणखी काय दाखवतो ते बघायला.

"नाही साहेब," पाटीवाला म्हणाला. "हे खोटं बोललो. लिहून घ्या. न विचारता मी चार महिने खूप बोललो. ज्यातलं मला काही ठाऊक नव्हतं ते सगळं बोललो. ठाऊक होतं तेवढंच राहिलं!"

कोपऱ्यातल्या टायपिस्टने ते शब्दशः लिहून घेतलं.

बाहेर पायऱ्यांवर त्याने औषधबाईंपुढे हात जोडले. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"वही कुठे होती?"

"दुकानात. फळीवर."

"म्हणजे सलूनच्या समोर. बाबांना जाऊन आज सतरा दिवस झाले. दाढी दोन बोटं वाढली होती. ते रोज दाढी करणारे. शेवटी मी वस्तरा आणला, तर नको म्हणाले. म्हणाले, निकाल लागला की त्याच खुर्चीत बसून करीन."

पाटीवाल्याकडे अक्षरं पुष्कळ होती. एकही कामाचं नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. व्यवस्थापक आत गेला. दानवीरांची तब्येत अचानक बिघडली आणि ते उपचारांसाठी लांब, फार लांबच्या देशात गेले. त्या देशात सलाईनच्या बाटल्या म्हणे ताज्या मिळतात. अकरा जणांपैकी कुणीही परत आलं नाही. दहा बस अजून धावतात आणि आपण त्यांत बसतो.

बाकड्याने अर्थातच एका दिवसात निकाल फिरवला. "आम्हाला पहिल्यापासून संशय होता," पहिला म्हणाला. पाटीवाला रस्ता ओलांडून गेला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुम्हाला संशय नव्हता. मला खात्री होती. आणि दोघेही एकाच बाकड्यावर बसून हसलो. तुमच्यापेक्षा माझं पाप मोठं. पण छोटं पाप म्हणजे पुण्य नव्हे!" त्या दिवसापासून तो तिथे बसलेला नाही.

नागरिकहो, या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच. ज्याने पाहिलं त्याने बोलावं, आणि ज्याने पाहिलं नाही त्याने थांबावं. आपण नेमकं उलटं करतो. पाहिलेले गप्प बसतात, न पाहिलेले ओरडतात, आणि त्या दोघांच्या मध्ये मोठी माणसं निवांत निसटतात. माणूस दानशूर आहे की नाही, बाईची चप्पल नवी आहे की जुनी, यावर न्याय होत नसतो. न्याय लेबलाखालच्या लेबलावर होतो, आणि ते कुणीतरी नखाने खरवडावं लागतं. पाटीवाल्याला हे वाक्य त्या पाटीवर कोरायचं होतं. पण दगड आता हातोडी सोसेना, म्हणून इथे कागदावर लिहिलं.

औषधबाई आपल्या खिडकीवर परत बसतात. कुणाशी जास्त बोलत नाहीत. परवा सलूनवाला खोकल्याचं औषध घ्यायला रांगेत उभा राहिला होता. त्याची पाळी आली तसं त्याने डोकं खाली घातलं. तो काहीतरी म्हणणार होता. बाईंनी बाटली उजेडात धरली, लेबलाची कड नखाने तपासली आणि सगळ्यांना वाचून दाखवतात तशी त्यालाही तारीख मोठ्याने वाचून दाखवली.

मग म्हणाल्या, "पुढचे या."